खोड्यातले डॉक्टरसाहेब

ताप बघायचा तर लोक कपाळाला हात लावतात. आमचे घरमालक कान धरायचे. खोली बघायला मी त्यांच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा उन्हातून एसटी बदलत आल्यामुळे माझा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जातसुद्धा विचारली नाही, जी आमच्याकडे सहसा दुसऱ्या वाक्यात विचारतात. पुढं होऊन त्यांनी माझ्या डाव्या कानाचं मूळ दोन बोटांत धरलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "ताप नाई. ऊन लागलं. पानी पाजा इले."

आतून त्यांच्या बायको आल्या. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मास्तरीण हाय थे. गाय नोये."

या काकूंमुळेच मी ती खोली घेतली.

घरमालक पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले. खात्यातलं पद पशुधन पर्यवेक्षक, गावातलं पद ढोर डॉक्टर आणि स्वतःचं स्वतःला बहाल केलेलं पद डॉक्टरसाहेब. दाराबाहेर पाटीवर नावाआधी 'डॉ.' असं होतं. त्यातलं टिंब इतकं मोठं रंगवलं होतं की त्याच्यात अजून एक पदवी मावली असती. गाव दिग्रसहून आत, कापसाच्या शिवारात. नाल्याच्या अलीकडे गाव, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आणि तांड्याच्या तोंडाशी माझी शाळा. म्हणजे मी राहायची डॉक्टरसाहेबांच्या राज्यात आणि शिकवायची नायकाच्या राज्यात. नाला ओलांडताना राज्य बदलतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

माणसांकडं बघायची डॉक्टरसाहेबांची नजर काही खात्याबरोबर निवृत्त झाली नव्हती. गावात नवी सून आली की ते चारचौघांत म्हणायचे, "हाडापेरानं चांगली हाय, पण आनताना खंगली." लहान मूल दिसलं की आधी दात बघायचे. मला रोज सकाळी न चुकता विचारायचे, "रवंथ बराबर हाय ना, मॅडम?" पहिल्यांदा मी दचकले. मग कळलं की जेवण पचतंय का असं विचारायची ती खात्यातली रीत. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, ते लग्नात, मयतीत, ग्रामसभेत कुठंही यायचं: "जनावर बोलत नाई, मानूस आयकत नाई. दवा दोघायची एकच." ती एकच दवा कोणती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

बैठकीत काचेचं कपाट होतं. त्यात वरच्या कप्प्यात देव, मधल्या कप्प्यात निरोप समारंभाचा फोटो आणि खालच्या कप्प्यात लाल रंगाचा लशीचा थर्मास. नोकरीभर तो गळ्यात अडकवून त्यांनी आसपासच्या सगळ्या गावांतल्या ढोरांना टोचलं होतं. पाहुणा आला की त्याला तो थर्मास दाखवला जायचा. "याच्या भरोशावर हा अख्खा परगना जगला," असं ते म्हणायचे. पाहुणा गेला की काकू त्याच थर्मासातून मूगवड्या काढून भाजीत टाकायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, थर्मासात वड्या? सादळत नाहीत?" काकू म्हणाल्या, "झाकन बसत नाई ना त्याचं. हवा लागते, मस्त राह्यतात." 

मी हसून सोडून दिलं. कपाटातल्या देवाकडं आपण जसं बारकाईनं बघत नाही, तसंच थर्मासाकडंही बघितलं नाही.

महामारी आली तेव्हा सगळा देश हादरला, पण आमच्या घरमालकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. खोटं कशाला बोलू, मला तो आनंदच वाटला. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं. खासगी डॉक्टर मोटारसायकलवर यायचे, म्हशीला सुई द्यायचे, पैसे घ्यायचे आणि जायचे. आता सगळ्या जगाला साथीतलं काही कळत नव्हतं आणि डॉक्टरसाहेबांना सगळं कळत होतं. त्यांनी पूर्वतयारी समिती काढली. अध्यक्ष ते, सचिव ते, आणि सदस्य म्हणून समोर जो उभा असेल तो. "साथ येते थे सांगून नाई येत. तयारी पायजे!" हे वाक्य रोज पहाटे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गावाच्या उशाशी येऊन पडायचं. काकू चुलीजवळून म्हणायच्या, "भोंग्यावर भोंगा."

त्यांची तयारी मी डोळ्यांनी बघितली आहे. गावात शिरणाऱ्या वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. तिथं एक माणूस कपाशीवरचा फवारणी पंप पाठीला लावून उभा केला. बाहेरून येणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत फवारा. पंपात जंतुनाशक होतं हे खरं, पण पंप आदल्या हंगामानंतर कुणी धुतला नव्हता. पहिलाच मान गावच्या कोतवालाला मिळाला. दोन्ही डोळे सुजून तो घरी पडला, तेव्हा डॉक्टरसाहेब त्याच्या पापण्या उलटून बघून म्हणाले, "औषध लागू पडलं." दुसऱ्या दिवशी कोतवालाच्या बायकोनं पंप उचलून नाल्यात टाकला आणि समितीचा तो विभाग बंद झाला.

मग दिग्रसच्या एका वेल्डिंगच्या दुकानातून त्यांनी ऑक्सिजनची टाकी आणली. ती ग्रामपंचायतीत ठेवली, तिला हार घातला, नारळ फोडला आणि खोलीला कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधली. टाकी रिकामी होती हे मला ती टाकी एकट्यानं उचलणाऱ्या पोऱ्याकडं बघूनच कळलं होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "मॅडम, टाकी पाहूनच मानसाले धीर येते. अर्धा रोग भेवाचा असते." हे मात्र त्यांचं खरं होतं, आणि दुर्दैवानं स्वतःच्या बाबतीतच खरं होतं. ते पुढं येईल.

ताप मोजायची बंदूक त्यांना पंचायतीनं दिली होती. ती माणसावर रोखण्याआधी ते रोज गोठ्यात जायचे आणि म्हशीच्या कपाळावर धरायचे. म्हशीचा ताप किती असतो हे त्यांना पाठ होतं. म्हशीचा आकडा बरोबर आला तर बंदूक खरी, मग ती माणसांवर चालवायची. म्हैस आजारी पडली तेव्हा त्यांनी आठवडाभर गावातल्या कुणाचाही ताप मोजला नाही.

पहिली लाट अशी हसण्यात गेली. गावात कुणी दगावलं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय बाभळीच्या फांद्यांना मिळालं. दुसऱ्या लाटेनं मात्र हसू उतरवलं. ती नाल्यापलीकडं उतरली. तांड्यातली माणसं बाहेरगावच्या कामावरून परत आली होती, घरं लागून लागून, आणि खोकला या घरातून त्या घरात चालत जायला वेळ लागत नव्हता. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांना यवतमाळला नेलं, ते परत आले नाहीत. मग नायकाचा धाकटा भाऊ गेला. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं भावाला खांदा दिला नाही, कारण खांदा द्यायला दवाखान्यानं देहच दिला नाही. परत आल्यावर तो शाळेच्या ओट्यावर बसला होता. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं आणि प्यायला विसरला.

अशात लस आली. आरोग्य केंद्राच्या सिस्टर निळा डबा घेऊन गावात येऊ लागल्या आणि डॉक्टरसाहेबांनी लसीकरणाचं मैदान ताब्यात घेतलं. ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली त्यांनी बांबूंचा खोडा उभारला. खोडा म्हणजे जनावराला टोचताना ज्यात उभं करतात ती अरुंद वाट. दोन्ही बाजूंना आडवे बांबू, मधून एकच जीव जाईल एवढी जागा, शिरला की वळता येत नाही, पुढूनच निघायचं. "लोक सुई पाहून परत पयतात," त्यांनी सिस्टरना समजावलं. "यातून पयनार कसे?" सिस्टर तरण्या होत्या, दिवसभराच्या उन्हानं दमलेल्या. त्यांनी एकदा खोड्याकडं बघितलं, एकदा डॉक्टरसाहेबांकडं, आणि टोचायला बसल्या. टोचलेल्यांच्या दंडावर गेरूचा पट्टा ओढायची परवानगी मात्र त्यांनी साफ नाकारली. मग डॉक्टरसाहेब त्या माणसांच्या दारांच्या चौकटींना गेरू लावत फिरले.

काकू पहिल्याच दिवशी गेल्या. खोड्यातून नाही, खोड्याच्या बाजूनं. "मले दमा हाय, मले पुढं जाऊ द्या," म्हणाल्या आणि टोचून घेऊन घरी येऊन भाकरी थापायला बसल्या. गावातले बरेचसे लोक कुरकुरत का होईना, आले. तांडा आला नाही. एकही माणूस नाही. एकदा नाही, दोनदा लसीचा डबा तसाच परत गेला.

वरून साहेब आले. त्यांनी सभा घेतली, सभेत डॉक्टरसाहेबांनी तांड्याच्या मागासलेपणावर इतकं रंगून भाषण केलं की मधमाश्याही लिंबावरून उठल्या. देवाचं भेव, भगताचा नाद, सुईनं मानूस मरते अशी समजूत. साहेबांनी मान हलवली आणि निष्कर्ष काढला: अंधश्रद्धा. जाताना सिस्टरना सांगून गेले की पुढच्या खेपेला तांडा आला नाही तर इथलं सत्र बंद, हे डोस दुसऱ्या गावाला.

मला ते सहन झालं नाही. सभा संपल्यावर मी सरळ नायकाच्या अंगणात गेले आणि म्हटलं, "नायकजी, अजून किती माणसं जायची वाट बघताय?"

नायकानं खाट पुढं केली. मग म्हणाला, "मॅडम, तुमी आमच्या लेकरायले शिकवता, तुमाले खोटं सांगत नाई. आमाले सुईचं भेव नाई. आमच्या याडीच्या, माह्या मायच्या, अंगावर पाहा, कपाळापासून पायापर्यंत गोंदलं हाय. तिले सुईचं काय भेव? आमाले त्या मानसाचं भेव हाय."

"कोणत्या?"

"तुमच्या मालकाचं." त्यानं नाल्याच्या दिशेनं हनुवटी हलवली. "नोकरीत होते तवा, पान्यापावसाच्या तोंडावर आलते. गयात थो लाल डब्बा. आमी आमच्या हातानं बैलं खोड्यात घातले. यायनं टोचलं, शिंगाले गेरू लावला, म्हने आता घटसर्प तुमच्या शिवंले शिवनार नाई. मंग घटसर्प आला. न टोचलेले मेले, तसे गेरू लागलेले बी मेले. माह्या जोडीतला एक माह्या मांडीवर डोकं ठेवून गेला. गया सुजला होता, श्वास भेटत नव्हता त्याले. माह्या भावाले बी श्वास नाई भेटला. आन् आता पुढं थोच मानूस, थोच खोडा. तुमीच सांगा, कसं यावं?"

सगळा तालुका ज्याला अंधश्रद्धा म्हणत होता, तो एका माणसाचा अनुभव होता, आणि तो ज्याच्यामुळे आला तोच माईक धरून तांड्याला शहाणपण शिकवत होता. मला राग आला. अजूनही येतो.

"आंधी त्यायनं घ्यावी," नायक म्हणाला. "आमच्या डोयापुढं. मंग आमी येतो. सारा तांडा येते. हा माहा शब्द हाय."

संध्याकाळी मी हा निरोप घरी आणला. डॉक्टरसाहेब ओट्यावर पंख्याखाली बसले होते. ऐकलं आणि हसले. "माही तं कवाच झाली. यवतमाळले घेतली मी, मोठ्या दवाखान्यात." आत काकूंनी पळी भांड्यावर आपटली. एकदाच, पण बरीच जोरात.

मी आत गेले. काकू म्हणाल्या, "यवतमाळले गेलते, खोटं नाई. माह्या भावाकडं मटन खाल्लं, झोपले, आन् आले. सुईचं नाव घेतलं का यायचा रंग उतरते."

मी परत बाहेर आले. "काका, खरं सांगा. का नाही घेतली? सगळ्या गावाला तुम्ही बांबूत कोंबताय."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग ज्या आवाजात माणूस खात्याचं गुपित सांगतो त्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मी खात्यातला मानूस होय. डब्बा सकाळी कसा भरते, दुपारी त्यात काय राह्यते, मंग कोनाले काय टोचते, हे मले कोनी शिकवू नका. लोकायले काय मालूम? मले मालूम हाय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. आयुष्यभर त्यांनी जसं केलं तसंच सगळी दुनिया करते, अशी त्यांची खात्री होती. लशीवर त्यांचा विश्वास होता हो, पूर्ण होता. टोचणाऱ्यावर नव्हता, कारण टोचणारा कसा असतो हे ते रोज आरशात बघत होते.

शेवटच्या खेपेचा दिवस उजाडला. सिस्टर आल्या, निळा डबा टेबलावर ठेवला, घड्याळ बघितलं. डॉक्टरसाहेब माईक घेऊन खोड्याच्या तोंडाशी उभे, इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध. आणि तांडा आला. पण अलीकडं आला नाही. नाल्याच्या काठावर सगळे ओळीनं उभे राहिले, बाया, माणसं, काठी टेकत म्हाताऱ्या. एकटा नायक नाला उतरून इकडं आला, खोड्याजवळ थांबला.

"डॉक्टरसाहेब, आंधी तुमी."

"अरे, माही झाली ना! यवतमाळले घेतली. दोनदा सांगू का?"

"नाई झाली," काकू म्हणाल्या.

त्या सिस्टरसाठी चहाची किटली घेऊन आल्या होत्या आणि नेमक्या नवऱ्याच्या शेजारी उभ्या होत्या. माईक चालूच होता. ते दोन शब्द भोंग्यातून निघाले, गावावरून फिरले, नाल्यावर गेले आणि तांड्याच्या ओळीत जाऊन पोचले. तिकडून कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. डॉक्टरसाहेबांनी माईक बंद करायचा प्रयत्न केला, पण बटण कुठं असतं ते त्यांना कधीच माहीत नव्हतं. तो रोज कोतवाल बंद करायचा. आणि कोतवाल, डोळे बरे झालेला, चार हातांवर उभा राहून मजेत बघत होता. शेवटी काकूंनीच माईक काढून घेतला आणि वायर उपटली.

"चला," काकू म्हणाल्या.

आता गावासमोर, तांड्यासमोर, बायकोसमोर दुसरी वाटच नव्हती. ते खोड्यात शिरले. तो त्यांनी गावातल्या सडसडीत लोकांच्या मापानं बांधलेला, आणि स्वतः काकूंच्या हातचं खाऊन चांगले भरलेले. दोन्ही बाजूंनी बांबू पोटाला लागले. अर्ध्यात आले आणि थांबले. नवशिका बैल अडतो तसे. मागं वळायचं तर वळता येईना, म्हणून मान वळवून त्यांनी मागं बघितलं. काकूंनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं तोंडानं "हाऽ हाऽ, चाल" असं केलं, आणि गाव जे हसलं, ते हसू मला अजून ऐकू येतं.

टेबलाजवळ पोचेपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"काका, दंड उघडा," सिस्टर म्हणाल्या.

"आंधी डब्बा उघडा."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत लशीच्या कुप्या मधोमध आणि चारी बाजूंनी बर्फाच्या चपट्या बाटल्या. त्यांनी एक बाटली काढून दिली. डॉक्टरसाहेबांनी ती कानाजवळ हलवली. आत बर्फ होता, नुकताच सुटू लागलेला, खडखडत होता. त्यांनी बाटली गालाला लावली. मग दुसऱ्या गालाला. आणि तशीच धरून राहिले. त्यांच्या तोंडावरची सगळी डॉक्टरकी उतरली होती. मला वाटतं, इतक्या वर्षांत एवढ्या दुपारी, एवढ्या उन्हात, डब्यात बर्फ शिल्लक असू शकतो, हे त्यांना पहिल्यांदा दिसत होतं.

नायक बांबूला हात टेकून शेजारीच उभा होता. जनावराला टोचताना मालक उभा राहतो तसा. तो हळू म्हणाला, "आमच्या बैलायच्या टायमाले होता का बर्फ?"

हसणं थांबलं. माईक बंद होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

मला वाटलं, आता ते खात्यावर ढकलतील, उन्हाळ्यावर ढकलतील, नाहीतर बैलांच्या जातीवर. तोंड उघडलंही होतं त्यांनी. मग बर्फाच्या बाटलीकडं बघितलं.

"नव्हता," डॉक्टरसाहेब म्हणाले. "झाकन फुटलं होतं डब्याचं. नवं मांगतलं नाई मी, कोन लिहापढी करत बसन म्हनून. तांड्यावर येईपर्यंत सारं गरम पानी झालतं. मले मालूम होतं. तरी टोचलं. गेरू लावला आन् निंगून गेलो."

नायकाची बोटं बांबूवर आवळली. मी पुढं सरकले, कारण मला वाटलं हा माणूस आता हात उचलेल, आणि उचलला असता तर मी त्याला अडवलं नसतं. पण त्यानं बांबू सोडला.

"एवढंच आयकायचं होतं," तो म्हणाला. "सिस्टर, द्या यायले."

सिस्टरनी दिली. सुई नखाएवढी. डॉक्टरसाहेब असे ओरडले की लिंबावरचे कावळे उडाले आणि पंचायतीमागची शेळी दावं तोडून पळाली. दुसऱ्याला टोचताना ते तोंड फिरवायचे, त्यामुळे माणसांची सुई बारीक असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते आयुष्यभर ढोरांची सुई हातात धरलेले, त्यांच्या मनात तीच होती.

"आता हा खोडा काढा," नायक म्हणाला. "आमी ढोरं नोये."

कोतवालानं सगळ्यात आधी बांबूला हात घातला. चार माणसं लागली, एकेक बांबू उपसून बाजूला पडला. खोडा गेला, आणि डॉक्टरसाहेब मोकळ्या मैदानात दोन्ही हात अंगाला चिकटवून, पोट आत घेऊन, तसेच अरुंद उभे राहिले. भोवती काही नाही हे त्यांच्या ध्यानातच येईना. काकूंनी दंड धरून त्यांना खुर्चीवर नेऊन बसवलं, अर्धा तास बसायचं म्हणून.

नायकानं नाल्याकडं हात केला आणि तांडा इकडं आला. मोकळ्या वाटेनं, घोळक्यानं, बोलत. सगळ्यात आधी नायकाची याडी. तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या, सिस्टरना सुईपुरतीही जागा सापडेना. म्हातारीनं स्वतःच दोन बांगड्या खाली ओढल्या आणि म्हणाली, "घाल इथी." सिस्टर हसल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. डबा रिकामा होऊन गेला, आणि संध्याकाळी मी शाळेच्या ओट्यावर बसून, कुणी बघत नाही हे पाहून, पोटभर रडले.

त्या आठवड्यात कपाटाच्या खालच्या कप्प्यातला थर्मास दिसेनासा झाला. मूगवड्या स्टीलच्या डब्यात गेल्या होत्या. मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "भंगारवाल्याले देला यायनं. मी नाई म्हनलं, तं मलेच खेकसले." मला वाटलं, चला, माणूस सुधारला.

माणूस इतका सहजी सुधारत नाही. साथ ओसरली, सत्काराचे दिवस आले. शाळेच्या पटांगणात मांडव पडला, वरचे साहेब आले, आणि तांड्याचं लसीकरण पूर्ण केल्याबद्दल डॉक्टरसाहेबांना शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र मिळालं. मानपत्र वाचून दाखवलं: दुर्गम वस्तीतील अंधश्रद्धा दूर करून. डॉक्टरसाहेब भाषणाला उभे राहिले. जनावर बोलत नाही, माणूस ऐकत नाही, दवा दोघांची एकच, हे झालं. मग म्हणाले, "मी सोता खोड्यात शिरलो, आंधी सोताले टोचून घेतलं, तवा तांड्याची अंधश्रद्धा गेली!" बर्फाचा विषय निघाला नाही. बैलांचाही नाही. टाळ्या पडल्या. शाल घेतलेल्या माणसासाठी टाळ्या पडतातच.

माझ्या शेजारी नायक बसला होता. मी त्याच्याकडं बघितलं. तोही टाळ्या वाजवत होता, सावकाश, मनापासून.

"नायकजी, तुम्ही टाळ्या वाजवता?" मला राहवलं नाही. "अंधश्रद्धा म्हणताहेत तुम्हाला."

"खरंच हाय ते, मॅडम," तो म्हणाला. "होतीच आमची. नाई तं त्यायच्या हाती बैलं कायले देले असते?"